छोट्या व्यवसायातली भरती आणि नकळत पूर्वग्रह: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाच-पंचवीस माणसांच्या व्यवसायात भरतीसाठी वेगळा विभाग नसतो. जाहिरात लिहिणं, अर्ज चाळणं, मुलाखत घेणं आणि पगार ठरवणं बहुधा एकाच माणसाकडे असतं. अशा माणसांकडून येत राहणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी प्राथमिक, पुढे अडचणीचे. कुठलंही उत्तर सुटं वाचता येईल; दुसऱ्या उत्तराची गरज आहे तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. नकळत पूर्वग्रह म्हणजे नेमकं काय? मी तर कुणाचा द्वेष करत नाही.

द्वेष नसतानाही तो असतो, म्हणून तर तो ओळखायला अवघड. समोर माणूस आला की त्याचं नाव, वय, कपडे, बोलण्याची ढब यांवरून आपलं मन अंदाज बांधतं. हे इतक्या झटकन होतं की तो अंदाज आहे हेच ध्यानात येत नाही. मग एकाचं अडखळणं 'बिचारा घाबरला' ठरतं आणि दुसऱ्याचं तसंच अडखळणं 'तयारी करून आला नाही' ठरतं.

२०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकेतल्या विज्ञान शाखांच्या १२७ प्राध्यापकांना प्रयोगशाळा व्यवस्थापकाच्या जागेसाठी आलेला अर्ज तपासायला दिला होता. अर्ज सगळ्यांना एकच. काहींच्या प्रतीवर पुरुषाचं नाव, काहींच्या प्रतीवर स्त्रीचं. पुरुषाच्या नावाचा उमेदवार अधिक सक्षम ठरला, त्याला सुचवलेला पगारही जास्त होता. स्त्री प्राध्यापकांनी केलेलं मूल्यमापनही पुरुष प्राध्यापकांसारखंच निघालं. या कामाचा माणूस कसा असतो याचं चित्र दोघांच्याही डोक्यात आधीच तयार होतं.

२. याने खरंच फरक पडतो का? हा मोठ्या कंपन्यांचा विषय वाटतो.

फरक मोजलेला आहे. सारख्या पात्रतेचे बायोडेटा वेगवेगळ्या नावांनी खऱ्या जाहिरातींना पाठवायचे आणि बोलावणं कुणाला येतं ते पाहायचं, अशी ही पद्धत. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात बॉस्टन आणि शिकागोमधल्या जाहिरातींना सुमारे ५,००० बायोडेटा पाठवले होते. गोऱ्यांची वाटणारी नावं असलेल्या बायोडेटांना कृष्णवर्णीयांची वाटणारी नावं असलेल्यांपेक्षा सुमारे ५० टक्के जास्त बोलावणी आली. २००७ मध्ये भारतातल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींबाबत असाच अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे फरक आडनावाने पडला: पात्रता तीच असूनही दलित किंवा मुस्लिम नावाच्या अर्जदारांना उच्चवर्णीय हिंदू नावाच्या अर्जदारांपेक्षा बोलावणं येण्याची शक्यता कमी होती.

छोट्या व्यवसायात हे जास्त लागतं. सहा जणांच्या जागी एक माणूस चुकीचा आला तर सहावा हिस्सा कामाचा खोळंबा होतो. आणि जो योग्य माणूस आपण घेतला नाही, त्याचं नुकसान तर कुठल्या हिशेबात दिसतही नाही.

३. मी वीस वर्षं माणसं पारखतोय. पाच मिनिटांत माणूस कळतो. हा अनुभव टाकून द्यायचा का?

टाकून देऊ नका, पण तो कशाचा अनुभव आहे ते तपासा. सुताराने रंधा मारला की फळी गुळगुळीत झाली की नाही ते लगेच कळतं, म्हणून वर्षागणिक त्याचा हात सुधारतो. भरतीत तसं होत नाही. तुम्ही घेतलेली माणसं पुढे कशी निघाली ते तुम्हाला दिसतं. नाकारलेली कशी निघाली असती ते कधीच दिसत नाही. त्यामुळे वीस वर्षांत आत्मविश्वास वाढतो, पारख वाढेलच असं नाही.

दुसरं म्हणजे पहिल्या पाच मिनिटांत मत झालं की उरलेली मुलाखत त्या मताची साक्ष गोळा करण्यात जाते. आवडलेल्याला सोपे प्रश्न जातात, त्याच्या अर्ध्या उत्तराला आपणच मान डोलावून पूर्ण करतो. २०१३ च्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांनी दुसऱ्या विद्यार्थ्यांच्या मोकळ्या मुलाखती घेऊन त्यांच्या गुणांचा अंदाज बांधायचा होता. काही मुलाखतींत समोरचा ठरवून दिलेल्या संकेताप्रमाणे अर्थहीन उत्तरं देत होता. तरीही मुलाखत घेणाऱ्यांना माणूस कळल्यासारखं वाटलं. नुसत्या जुन्या गुणांवरून जो अंदाज आला असता, तो मुलाखत घेतल्यावर उलट बिघडला.

अनुभवाला योग्य जागा कुठली, ते १३ व्या उत्तरात आहे.

४. वेळ कमी आहे. एकच गोष्ट करायची तर कोणती?

एकही अर्ज उघडण्याआधी, या कामाला काय लागतं ते कागदावर लिहा आणि प्रत्येक गोष्टीचं वजन ठरवा. अर्ज आल्यावर ते बदलायचं नाही.

माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा एवढाच आहे. आपलं मन आपण पुसून कोरं करू शकत नाही. पण निर्णयाचा क्रम आपल्या हातात असतो. २००५ च्या एका संशोधनात पोलीसप्रमुखाच्या जागेसाठी दोन उमेदवार ठेवले होते, एक शिकलेला आणि एक रस्त्यावरच्या कामात मुरलेला. पुरुष उमेदवार शिकलेला असला की लोकांना शिक्षण महत्त्वाचं वाटे. तेच शिक्षण स्त्रीकडे असलं की त्याचं महत्त्व कमी होई. म्हणजे माणूस आधी निवडला गेला आणि निकष मागून त्याच्या मापाने बेतले गेले. ज्यांनी निकषांचं वजन आधी ठरवलं, त्यांच्या निवडीत हा भेदभाव राहिला नाही. यासाठी लागतो एक कागद आणि अर्धा तास.

५. निकष लिहायला बसलो की 'हुशार, मेहनती, प्रामाणिक' एवढंच सुचतं.

हे सगळ्यांचंच होतं. हे शब्द चांगले आहेत, पण ते मोजता येत नाहीत आणि त्यांत कुणाचाही चेहरा बसवता येतो. त्याऐवजी त्या जागेवरचा माणूस पहिल्या सहा महिन्यांत काय करेल ते लिहा. हिशेबाच्या कामाला माणूस हवा असेल तर: रोजची बिलं त्याच दिवशी चढवणं, महिनाअखेरीला बँकेचा ताळमेळ लावणं, थकबाकीसाठी ग्राहकांशी फोनवर न चिडता बोलणं, चूक सापडली तर स्वतःहून सांगणं. आता बघा, 'मेहनती' आणि 'प्रामाणिक' दोन्ही यात आले, पण तपासता येतील अशा रूपात आले.

चार-पाच निकष पुरेत. प्रत्येकाला विचारा: हे नसेल तर काम अडेल का, आणि हे दोन आठवड्यांत शिकवता येईल का? शिकवता येण्यासारखं असेल तर त्यासाठी माणूस नाकारू नका. माझ्या एका जुन्या वहीत गोदामातल्या नोंदींच्या जागेसाठी आलेल्या एका मुलीच्या नावापुढे 'बोलायला कमी' असा माझाच शेरा आहे. त्या कामात बोलावं लागतच नव्हतं. तो शेरा वाचताना आजही मला वाईट वाटतं.

६. जाहिरातीच्या भाषेतही पूर्वग्रह असतो का?

असतो, आणि मराठीत तो क्रियापदातच येऊन बसतो. 'जबाबदारी घेणारा, वेळेवर येणारा पाहिजे' असं लिहिलं की वाचणारी अर्धी माणसं वगळली जातात. 'घेणारी व्यक्ती' लिहिल्याने वाक्य बिघडत नाही. 'तरुण आणि तडफदार', 'घरच्यासारखं वातावरण' असले शब्दही काढा. पहिल्यात वय घुसतं, दुसऱ्याने कामाबद्दल काहीच कळत नाही.

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी जाहिरातींच्या अभ्यासात, वर्चस्व आणि स्पर्धा सुचवणारे शब्द जास्त असले की स्त्रियांना ती नोकरी कमी आकर्षक वाटे. काम जमणार नाही असं त्यांना वाटत नव्हतं. 'ही जागा आपल्यासाठी नाही' असं वाटत होतं. पगाराचा आकडा आणि कामाची वेळ जाहिरातीतच द्या. घासाघीस करायला कचरणारा माणूस मग कमी पगारात अडकत नाही.

७. नाव आणि फोटो झाकून अर्ज वाचायचे म्हणतात. मला दहाच अर्ज येतात, कसं करू?

दहा असतील तर सोपंच आहे. दुसऱ्या कुणाला तरी नाव, फोटो, वय, पत्ता, वैवाहिक स्थिती झाकायला सांगा आणि प्रत्येक अर्जाला क्रमांक द्या. तुम्ही फक्त अनुभव आणि कौशल्यं वाचा, पाचव्या उत्तरातल्या निकषांवर गुण लिहा, मग नावं उघडा. आणखी एक युक्ती: एक अर्ज पूर्ण वाचण्याऐवजी आधी सगळ्यांचा अनुभव वाचा, मग सगळ्यांचं शिक्षण. त्याने एका चमकदार ओळीचा उजेड पूर्ण अर्जावर पडत नाही.

पण झाकणं हा रामबाण उपाय नव्हे. फ्रान्समध्ये नावं झाकलेल्या अर्जांचा मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. स्वेच्छेने सहभागी झालेल्या कंपन्यांत स्थलांतरितांच्या वस्त्यांमधल्या उमेदवारांना नावं झाकल्यावर उलट कमी बोलावणी आली. कमी अनुभव किंवा शिक्षणातला खंड यामागची परिस्थिती आधी समजून घेतली जात असे. नाव आणि पत्ता गेल्यावर तो संदर्भही गेला, असा त्याचा एक अर्थ लावला जातो. म्हणून झाकायचं ते पहिल्या चाळणीपुरतं.

८. सगळ्यांना तेच प्रश्न विचारणं कृत्रिम नाही का वाटत? मला गप्पांतून माणूस उमगतो.

गप्पांतून माणूस आवडतो की नाही ते उमगतं. काम करेल की नाही हा वेगळा प्रश्न आहे. २०२२ मध्ये निवडपद्धतींवरच्या आधीच्या संशोधनाचा नव्याने हिशेब मांडला गेला. त्यात आखीव मुलाखतीचा पुढच्या कामगिरीशी संबंध ०.४२ आला, मोकळ्या मुलाखतीचा ०.१९. (शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे तंतोतंत.) आखीव मुलाखत त्या यादीत सगळ्यात वर होती. तरीही ०.४२ म्हणजे खात्री नव्हे, हेही लक्षात ठेवावं.

आखीव म्हणजे रूक्ष असायलाच हवी असं नाही. सुरुवातीला पाणी द्या, दोन शब्द बोला, त्याला सैल होऊ द्या. मग ठरलेले पाच-सहा प्रश्न त्याच क्रमाने विचारा. प्रश्न घडलेल्या गोष्टीबद्दल असावेत: 'ग्राहक चिडला होता असा एखादा प्रसंग सांगा, तुम्ही काय केलंत?' उत्तर अपुरं वाटलं तर 'मग पुढे काय झालं?' हा उपप्रश्न सगळ्यांना मोकळा ठेवा. चांगलं उत्तर कसं असेल हे आधी दोन ओळींत लिहून ठेवा आणि प्रत्येक उत्तरानंतर तिथेच १ ते ५ गुण द्या. शेवटी एकदम गुण द्यायला गेलात की सगळ्या रकान्यांत एकच रंग चढतो. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्ये हे दाखवलं होतं: सैन्यातल्या वरिष्ठांनी हाताखालच्यांना दिलेल्या मूल्यमापनात शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य सगळं संशय यावा इतकं जुळत होतं. याला हेलो इफेक्ट म्हणतात.

९. लग्न, मुलं, घरची परिस्थिती याबद्दल विचारलं तर काय बिघडलं? मला रजा किती पडतील ते जाणून घ्यायचंय.

काळजी खरी आहे, पण या प्रश्नाने तिचं उत्तर मिळत नाही. २००७ च्या एका संशोधनात तुल्यबळ अर्जांपैकी काहींत उमेदवार आई असल्याचं सूचित केलं होतं. त्या स्त्रिया कमी सक्षम ठरल्या आणि त्यांना सुचवलेला पगारही कमी होता. वडील असलेल्या पुरुषांचं असं नुकसान झालं नाही. म्हणजे तीच माहिती एकाच्या बाबतीत 'घरची जबाबदारी आहे, टिकेल' अशी वाचली जाते आणि दुसरीच्या बाबतीत 'घरची जबाबदारी आहे, रजा घेईल' अशी.

कामाची अट सरळ सांगा आणि सगळ्यांना विचारा: 'महिनाअखेरीला दोन दिवस उशिरापर्यंत थांबावं लागतं, जमेल का?' 'जमेल' म्हटलं तर त्या शब्दावर विश्वास ठेवा. बऱ्याच देशांत असे खासगी प्रश्न कायद्यानेही अडचणीत आणू शकतात. तुमच्या इथला नियम एकदा जाणकाराकडून समजून घ्या.

१०. कामाचा नमुना करून घेणं योग्य आहे का?

हो. तासाभराचं, खऱ्या कामासारखं, सगळ्यांना सारखं आणि तपासताना नाव झाकलेलं. त्याहून जास्त वेळ लागत असेल तर मोबदला द्या. फुकट दोन दिवस राबणं ज्यांना परवडतं तेच मग उरतात, तीही एक चाळणीच आहे. त्या नमुन्याचा धंद्यात वापर करू नका.

११. चारच माणसं आहोत. 'आमच्यात मिसळेल का' हे पाहायला नको?

पाहा, पण त्याचा अर्थ आधी लिहा. बड्या वकिली, सल्लागार आणि गुंतवणूक कंपन्यांतल्या भरतीचा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. छंद, मोकळा वेळ घालवण्याची तऱ्हा, आयुष्यातले अनुभव आपल्यासारखे असणारा उमेदवार निवडणाऱ्यांना भावत असे, आणि याचं वजन कित्येकदा कामाच्या कौशल्यापेक्षा जास्त पडे. 'मिसळेल' याचा अर्थ बहुतेक वेळा 'माझ्यासारखा आहे' असाच असतो.

चार जणांच्या टीमला खरंच लागतं ते वेगळं: मतभेद तोंडावर सांगणं, दुसऱ्याचं अडलेलं काम उचलणं, चुकीचं खापर न फोडणं. हे निकष म्हणून लिहा आणि आठव्या उत्तरातल्या पद्धतीने प्रसंग विचारा. जेवणाच्या सुट्टीत कोण काय बोलेल यावर नोकरी ठरू नये.

१२. ओळखीतून आलेला माणूस विश्वासाचा असतो. तेही बंद करायचं?

बंद नको, पण ओळख हे फक्त दार असावं. ओळखीच्या माणसानेही तोच अर्ज भरावा, त्याच प्रश्नांना उत्तरं द्यावीत, तोच नमुना करावा. ज्याने नाव सुचवलं तो निर्णयाच्या वेळी बाजूला राहील.

मुख्य अडचण पुढे येते. आपल्या ओळखीची माणसं साधारण आपल्यासारखीच असतात. त्यांच्या ओळखीची त्यांच्यासारखी. पाच भरत्या अशा झाल्या की सगळे एकाच गोतावळ्यातले होतात, आणि बाहेरच्या कुणाला वगळायचं असं कुणी कधी ठरवलेलंही नसतं. म्हणून ओळखीतून दोन नावं आली तरी जाहिरात द्याच, आणि एरवी जिथे देत नाही अशा एका ठिकाणी द्या.

१३. गुण एकाचे जास्त, पण मन दुसऱ्याकडे ओढतंय. कुणाचं ऐकू?

डॅनियल काहनेमन या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात, विशीत असताना, इस्रायली सैन्यासाठी मुलाखतीची पद्धत बसवली. सहा गुणधर्म ठरवले, प्रत्येकावर आधी वस्तुनिष्ठ प्रश्न विचारून वेगळे गुण द्यायचे. मुलाखत घेणारे वैतागले. आम्हाला यंत्र करताय म्हणाले. तेव्हा त्याने शेवटी एक पायरी जोडली: सगळे गुण देऊन झाल्यावर डोळे मिटा, तो मुलगा सैनिक म्हणून कसा असेल ते डोळ्यांसमोर आणा आणि १ ते ५ मध्ये एक आकडा द्या. पुढे पडताळून पाहिलं तर सहा गुणांची बेरीज जुन्या पद्धतीपेक्षा बरीच सरस ठरली, आणि डोळे मिटून दिलेला आकडाही जवळजवळ तितकाच खरा निघाला.

म्हणजे आतला आवाज ऐकायचा तो शेवटी, सगळं मोजून झाल्यावर. सुरुवातीला ऐकला तर तोच मोजमाप करायला बसतो. तरीही ओढ उरली असेल तर कारण एका वाक्यात लिहा. 'आधीची नोकरी का सोडली ते दोनदा वेगवेगळं सांगितलं' असं वाक्य आलं तर ते तपासण्यासारखं आहे. पुन्हा फोन करून विचारा. 'काहीतरी खटकलं' याच्या पुढे पेन चालत नसेल, तर गुणांप्रमाणे जा.

१४. बायोडेटात तीन वर्षांचा खंड आहे, किंवा वय जास्त आहे, किंवा शिक्षण गरजेपेक्षा जास्त आहे. नाकारू का?

या तिन्हींत आपण उमेदवाराच्या वतीने उत्तर देऊन मोकळे होतो: 'कौशल्य गंजलं असेल', 'शिकायची तयारी नसेल', 'चार महिन्यांत सोडून जाईल'. नमुना द्या (उत्तर १०), गंजलंय की नाही ते तासाभरात दिसेल. टिकण्याबद्दल शंका असेल तर 'या कामात तुम्हाला काय मिळवायचंय?' हे विचारा, आणि ते कमी शिकलेल्यालाही विचारा. वयाच्या बाबतीत अमेरिकेत ४०,००० हून अधिक अर्जांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. वयाचा सर्वांत स्पष्ट फटका निवृत्तीच्या जवळ आलेल्या स्त्रियांना बसलेला दिसला.

१५. मी एकटाच निर्णय घेतो. पॅनेल कुठून आणू?

एक माणूस पुरे. तुमच्याहून वेगळ्या वयाचा किंवा वेगळ्या कामातला सहकारी मुलाखतीला बसवा. दोघांनी न बोलता आपापले गुण लिहावेत, मग कागद समोर ठेवावेत. मालकाने आधी तोंड उघडलं की दुसऱ्याचं मत तिथेच संपतं. कुणीच नसेल तर गुण लिहून ठेवा, एक रात्र जाऊ द्या, सकाळी फक्त आकडे बघा.

१६. सॉफ्टवेअरने अर्ज चाळले तर पूर्वग्रह जाईल ना?

यंत्र जुन्या निवडींवरून शिकत असेल तर जुना पूर्वग्रहही शिकतं. अ‍ॅमेझॉनने असं एक साधन बनवून पाहिलं होतं. ते स्त्रियांच्या संस्थांचा उल्लेख असलेल्या बायोडेटांना खालचं स्थान देत होतं, म्हणून कंपनीने ते सोडून दिलं, अशी बातमी २०१८ मध्ये आली. दहा-वीस अर्जांसाठी मुळात यंत्राची गरज नाही.

१७. आपल्यात सुधारणा होतेय हे कसं कळेल?

एक वही ठेवा. प्रत्येक भरतीत किती अर्ज आले, किती जणांना बोलावलं, कुणाला घेतलं, आणि नाकारलेल्या प्रत्येकापुढे एका ओळीत कारण. दोन-तीन भरत्यांवरून काही सिद्ध होत नाही, आकडे फारच लहान असतात. पण ती कारणं वर्षाने एकत्र वाचा. 'बोलण्यात चमक नाही' हे कारण एकाच प्रकारच्या माणसांपुढे पुन्हा पुन्हा दिसलं, तर कुठे थांबायचं ते कळेल.

घेतलेल्या माणसाच्या नावापुढे सहा महिन्यांनी पाचव्या उत्तरातल्या निकषांवर पुन्हा गुण लिहा आणि मुलाखतीतल्या गुणांशी ताडून पाहा. कुठला प्रश्न उपयोगी पडला आणि कुठला फुकट गेला ते दिसेल. फुकट गेलेला प्रश्न पुढच्या वेळी काढून टाका. नाकारलेल्यांना दोन ओळी कळवायचं मात्र कधीही राहू देऊ नका. ते अजून तुमच्या फोनची वाट पाहत असतात.